एकेचाळीस गावांचा मेळ

रेवा गुरव गेल्या अकरा वर्षांत कुरुंदवाडबाहेर एकदाही गायली नव्हती, आणि तरीही तिचं गाणं समोर बसून ऐकलेलं नाही असा रसिक महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागला असता.

दर रविवारी दुपारी चार वाजता ती नदीकडच्या आळीतल्या जुन्या तालमीच्या माडीवर येऊन बसे. मागे तानपुरे घेतलेल्या दोन शिष्या, उजव्या हाताला तबल्यावर दस्तगीर मुल्ला. समोर भिंत. त्याच वेळी चिपळूणच्या एका शाळेत, उमरेडच्या समाजमंदिरात, धरणगावच्या वाचनालयात, अशा एकेचाळीस ठिकाणी माणसं चपला बाहेर काढून आत येत आणि आपापल्या पाटावर मांडी घालत. सगळी पायी नाहीतर सायकलवर आलेली. दोन कोसांच्या पलीकडून कुणी आलेलं नसे, कारण तसं येताच येत नसे.

‘दोन कोसांचा नियम’ आला तेव्हा रेवा तिशीत होती. त्याआधी सगळ्यांचा समज असा, की गाण्याच्या दौऱ्यांत धूर होतो तो गवयाच्या विमानाचा आणि ध्वनियंत्रणा वाहणाऱ्या ट्रकांचा. प्रत्यक्ष मोजमाप झालं तेव्हा निघालं भलतंच. गवई एकटा, त्याला ऐकायला दहा हजार माणसं आपापली गाडी काढून शंभर-शंभर किलोमीटर येत होती, आणि खरा धूर त्यांचा होता. मग ठरलं, की गवयानंही फिरायचं नाही आणि श्रोत्यांनीही नाही. गाणं पडद्यावरून घरोघर जाऊ लागलं. हवा सुधारली, गाणं मात्र सुकलं. लोक भाजी निवडता निवडता, फोनवर बोलता बोलता ऐकू लागले. रेवानं तीन वर्षं कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत गाऊन पाहिलं आणि एक दिवस कॅमेऱ्यावर शाल टाकून ती उठून गेली.

तेव्हा डॉ. अनघ टिपणीस तिच्याकडे आला. हृदयाच्या ठोक्यांवर संशोधन करणारा, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, बोलताना चष्मा पुसत राहणारा माणूस.

“रेवाताई, मैफल रंगली हे तुम्हाला कसं कळतं?” त्यानं आल्या आल्या विचारलं.

“कळतं. डोळे मिटलेले असले तरी कळतं.”

“नेमकं काय कळतं?”

रेवानं विचार केला. “खोली एका माणसासारखी होते.”

“ती खरंच होते,” अनघ म्हणाला. “एका तुळईला दोन झोपाळे टांगलेत असं समजा. वेगवेगळे झोके दिले तरी तुळईतून एकाचा हिसका दुसऱ्याला पोचतो आणि हळूहळू दोघांची गती जुळते. मैफलीतल्या माणसांचं तसंच. गाणं ऐकताना त्यांचे श्वास जुळायला लागतात, श्वासाबरोबर हृदयाचे ठोकेही थोडेफार जुळतात. मग गाणाऱ्यालाही ते ओढतात. समोर बसून ऐकणं म्हणजे तेवढंच. पडद्यावरून तुमचा आवाज जातो, चेहरा जातो. तुळई जात नाही.”

“आणि तू तुळई पाठवणार?”

“तेवढंच पाठवणार.”

त्यानं बनवला तो स्पंदपाट. हातभर रुंदीची, घोंगडीच्या कापडानं मढवलेली चपटी गादी. बसणाऱ्याचा श्वास आणि ठोका ती मांडीखालून टिपते, सगळ्या गावांतल्या सगळ्या पाटांवरून आलेली स्पंदनं एकत्र करून त्यांची एक सामाईक लय काढली जाते, आणि ती लय अगदी मंद ऊब आणि दाब होऊन पुन्हा प्रत्येकाच्या अंगाला लागते. या सामाईक लयीला अनघनं नाव दिलं ‘मेळ’. रेवाच्या पाटाखाली एकेचाळीस गावं घड्याळातल्या आकड्यांसारखी गोलाकार मांडलेली होती. महिनाभरात ती शिकली, की उजव्या गुडघ्याखाली विदर्भ आहे, डाव्या मांडीच्या कडेला कोकण. कुठलं गाव गाण्यात शिरलंय आणि कुठलं अजून दारात रेंगाळतंय, हे तिला भिंतीकडे बघत कळू लागलं. पहिल्या मैफलीनंतर ती रडली होती. अनघनं घाबरून विचारलं, तर म्हणाली, “अरे, माणसं परत आली.”

अकरा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग पौषातला तो रविवार आला.

त्या दिवशी रेवानं मुलतानी धरला होता, विलंबित एकतालात. वीस मिनिटं झाली असतील. मेळ छान बसला होता. साडेतीन हजार माणसांचा श्वास समेच्या अलीकडे किंचित थांबायचा आणि समेवर सुटायचा. तेवढ्यात तिच्या उजव्या गुडघ्याखाली काहीतरी अडखळलं. एक ठोका आलाच नाही. मग दोन घाईघाईनं आले. मग पुन्हा पोकळी.

प्रत्येक गावाला मेळात सारखंच वजन असे, गाव लहान असो की मोठं. उमरेडला त्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं, म्हणून समाजमंदिरात फक्त अकरा माणसं होती. त्यामुळे त्यातल्या एकाचा ठोका रेवाला असा लागला, जसा समूहगानात एकच बेसूर आवाज लागावा.

तिनं आलाप न तोडता डाव्या हाताची दोन बोटं वर केली. काहीतरी बिघडलंय, अशी ती खूण होती. शेजारच्या खोलीतून अनघचा आवाज तिच्या कानातल्या इअरफोनच्या बोंडात आला.

“पाहिलं. उमरेड, पाट क्रमांक सात. म्हातारे गृहस्थ आहेत, स्वप्निल ढोबळे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. व्यवस्थापकाला कळवलंय. दवाखान्याची गाडी निघाली, अठरा मिनिटं लागतील. तुम्ही... रेवाताई, थांबू नका.”

तिनं प्रश्नार्थक मान वळवली.

“त्यांचा ठोका स्वतःहून नीट चालत नाहीये. पण तुमच्या समेला तो पुन्हा जाग्यावर येतोय. तुम्हाला धरून आहेत ते. निदान मला तरी तसं दिसतंय.”

रेवानं दस्तगीरकडे पाहिलं. तीस वर्षं तो तिच्या शेजारी बसत आला होता. तिला बोलावं लागलं नाही. समेला त्या माणसाला येता यावं म्हणून त्यानं पुढचं आवर्तन केसभर लांबवलं. ठोका आला. पुढचं आणखी थोडं लांबवलं. तेव्हाही आला, पण उशिरानं. म्हणून त्याच्या पुढचं अजून. अडखळत चालणाऱ्या माणसाबरोबर आपण पाऊल आखूड करतो, तसं दोघं करत गेले. एक आवर्तन सव्वा मिनिटाचं झालं, मग दीड मिनिटाचं. रेवाला स्वतःच्या छातीतली घाई ओसरताना जाणवली. एकेचाळीस गावं तिच्याबरोबर खाली उतरत होती. कुणी खोकत नव्हतं, कुणी मांडी बदलत नव्हतं.

आणि मध्येच केव्हातरी तिच्या ध्यानात आलं, की आपण त्याला धरलेलं नाही. तो आपल्याला नेतोय.

खूण केल्यापासून चौदाव्या मिनिटाला ती समेवर आली आणि उजव्या गुडघ्याखाली काहीच आलं नाही. तिनं षड्ज लावून धरला. पुढच्या समेलाही काही आलं नाही. द्रुत तिनं गायलंच नाही. तानपुरे तेवढे वाजत राहिले, मग तेही थांबले. एकेचाळीस गावांतून टाळी आली नाही. माणसं बराच वेळ नुसती बसून राहिली, आणि मग एकेक करून उठून, एकमेकांशी न बोलता घरी गेली. उमरेडखेरीज कुठल्याच गावच्या श्रोत्यांना काही कळलेलं नव्हतं.

चार दिवसांनी रेवा उमरेडला गेली. गाण्यासाठी नाही, म्हणून नियमाची आडकाठी नव्हती. मिरजेहून नागपूर आणि तिथून पुढं. रेल्वेत तिला झोप आली नाही.

ढोबळ्यांच्या घरी अंगणात चार खुर्च्या होत्या. प्राजक्ताबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या. रेवाला पाहून त्या चपापल्या, पण लगेच सावरल्या.

“या ना ताई, बसा. एवढ्या लांबून कशाला आलात?”

“यायलाच हवं होतं,” रेवा म्हणाली आणि खुर्चीत टेकली.

प्राजक्ताबाईंनी पाणी आणलं. नवऱ्याविषयी त्या आपणहून बोलू लागल्या. पंचवीस वर्षं ते कोळशाच्या खाणीत डंपर चालवत. खाण बंद झाली तेव्हा पन्नाशीत होते. “म्हणायचे, आयुष्यभर धूर केला प्राजू, आता पायी जाऊन गाणं ऐकतो. एक रविवार चुकवला नाही त्यांनी. डॉक्टरनं दिवाळीतच सांगितलं होतं, की हृदय फार थकलंय. घरी बसा म्हटलं, तर ऐकतात कुठं!”

“मी तुम्हाला एक सांगायला आलेय,” रेवा म्हणाली. “त्यांची तब्येत बिघडली हे मला गाताना कळलं होतं. त्यांना समेपर्यंत येता यावं म्हणून मी लय उतरवली. ते टिकावेत म्हणून. पण आता वाटतं, मी उतरवली म्हणूनच ते... मी तशीच चढी ठेवली असती, तर कदाचित गाडी येईपर्यंत...”

प्राजक्ताबाईंनी पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

“त्यांचा हात माझ्या हातात होता ताई,” त्या म्हणाल्या. “मला कळलं होतं. व्यवस्थापक येऊन हळूच विचारून गेला, आडवं करू का म्हणून. मी नको म्हटलं. माझंही अंग असं जड झालं होतं, आणि इतकं शांत. मला वाटलं, आपणही यांच्याबरोबरच चाललोय. भीती नाही वाटली. मग ते गेले आणि मी राहिले. खरं सांगू? त्याचाच राग येतो कधी कधी.”

निघताना प्राजक्ताबाईंनी तिच्या हातात संत्र्यांची पिशवी दिली आणि फाटकापर्यंत पोचवायला आल्या.

ती परतली तेव्हा माडीवर पत्रांचा ढीग पडला होता. धरणगावहून, चिपळूणहून, सगळीकडून. मजकूर थोड्याफार फरकानं एकच. गेल्या रविवारसारखं गाणं उभ्या जन्मात ऐकलं नाही. काय झालं ते सांगता येत नाही, पण घरी जाऊन कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली. पुन्हा असं कधी गाणार?

“यांना सांगितलंस का, काय झालं होतं ते?” तिनं अनघला विचारलं.

“नाही. ढोबळ्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कसं सांगणार?” अनघ चष्मा पुसू लागला. “मी त्या दिवसाच्या नोंदी पाहिल्या, रेवाताई. रंगलेल्या मैफलीतही फार तर निम्मी माणसं पुरती जुळतात, तीही अधूनमधून. त्या दिवशी शेवटची सहा मिनिटं साडेतीन हजार माणसं एकच श्वास घेत होती. कुणीही बाहेर नव्हतं. असं होऊ शकतं हे मला ठाऊकच नव्हतं.”

“माणूस जात होता म्हणून झालं ते.”

“हो. शरीराला कळतं बहुतेक. डोक्याला कळलं नाही तरी.”

त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. ज्यांचं हृदय दुबळं आहे त्यांनी पाटावर बसायचं नाही. मागं साध्या सतरंजीवर बसून ऐकायचं. आणि कुणाचा ठोका ठरावीक मर्यादेखाली गेला, तर त्याचा पाट आपोआप मेळातून सुटेल. दस्तगीरला पहिली गोष्ट पटली नाही. “म्हणजे आजारी माणसालाच गाणं नाही?” तो म्हणाला. पण दुसरा उपाय कुणाकडेच नव्हता.

पुढचे पाच-सहा रविवार रेवा चांगली गायली. तिचं तिला कळत होतं, की गळा साथ देतोय. पण मेळ बसेना. माणसं येत, पाटावर बसत, आणि कशाची तरी वाट पाहत राहत. विलंबित चालू असेतो त्यांचे श्वास जवळ येत. द्रुत सुरू झालं, की गावं एकेक करून सुटत. पत्रंही विनयाची, पण नाराजीची येऊ लागली. सगळं छान होतं, तरी त्या दिवशीसारखं नाही झालं.

फाल्गुनातल्या एका रविवारी तिनं भीमपलास घेतला. पहिल्या दहा मिनिटांतच मेळ असा जुळून आला, की दस्तगीरनं हसून मान हलवली. रेवाही सुखावली. बऱ्याच दिवसांनी खोली एका माणसासारखी झाली होती. तिनं ठरवल्याप्रमाणे लय किंचित वाढवली.

लय वाढली नाही.

तिला वाटलं, दस्तगीरचं लक्ष नाही. तिनं मांडीवर हातानं ठेका दाखवला. त्यानं मान डोलावली, बोल चढवले, आणि दोन मात्रांत ते पुन्हा खाली आले. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. रेवाच्या पाटाखालून एकेचाळीस गावांचा श्वास येत होता. लांब, जड, ओढून घेणारा. तिनं तान घेतली, तर तानेच्या मध्यावर तिचाच दम त्या श्वासाला जाऊन मिळाला आणि तान आलाप होऊन खाली आली.

मग डाव्या मांडीच्या कडेला एक ठोका चुकला.

“चिपळूण,” अनघचा आवाज आला. “पाट क्रमांक बावीस. पण हे... थांबा. एकतीस वर्षांची मुलगी आहे. मधुरा साबळे. काही आजार नाही. पोहण्याच्या शर्यतीत भाग घेते असं लिहिलंय. ठोका बावन्न. अठ्ठेचाळीस.”

“तिचा पाट सोडव,” रेवा दोन स्वरांच्या मध्ये पुटपुटली.

“मर्यादेखाली गेली तेव्हाच मेळातून सुटला, आता नुसता मोजतोय. पण ती उठली नाही, ताई. दोन्हीकडच्या माणसांचे गुडघे तिला टेकलेत. ती त्यांच्याबरोबरच श्वास घेतेय. त्रेचाळीस.”

रेवा गायची थांबली. अर्ध्या आवर्तनात, स्वर तसाच टाकून. तबला थांबला. शिष्यांनी गोंधळून तानपुऱ्यांवर हात ठेवले. कुरुंदवाडच्या माडीवर पूर्ण शांतता झाली, खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवली तेवढीच.

गाणं थांबलं होतं. मेळ थांबला नव्हता. तिच्या पाटाखाली तो तसाच येत-जात होता, आणि प्रत्येक खेपेला आणखी थोडा सावकाश.

अनघ दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. “ती मुलगी आजारी नव्हती,” तो म्हणाला. “त्यांनी तिला आणलं तिथपर्यंत. त्यांनाही माहीत नाही, आपण काय करतोय ते. त्या दिवशी जे मिळालं ते पुन्हा हवंय, आणि कुणी जाणारं सापडेना, म्हणून जे जरा सैल बसलेलं होतं त्याला... बंद करू सगळं?”

“बंद केलंस तर काय होईल?”

“माहीत नाही. इतकी खोल जुळलेली साडेतीन हजार माणसं एकदम तोडून कुणी पाहिलेलं नाही.”

रेवानं डोळे मिटले. उमरेडच्या अंगणात बसलेल्या, एकदम तुटून मागं राहिलेल्या प्राजक्ताबाई तिला आठवल्या. मग ती पुन्हा ताठ बसली. “दस्तगीरभाई, त्यांच्याच लयीत धरा,” ती म्हणाली. “वर ओढू नका. एका आवर्तनात एका मात्रेइतकंसुद्धा नको. केसभरच.”

तिनं षड्ज लावला, त्यांच्या श्वासाएवढाच लांब. त्यांच्यासोबत खाली जाऊन तिनं त्यांना गाठलं, आणि मग इतकं सावकाश, की कुणाला कळूही नये, ती त्यांना वर आणू लागली. पन्नास मिनिटं लागली. दस्तगीरची बोटं सुजली. रेवाचा आवाज शेवटी शेवटी फाटला, तरी तिनं स्वर सोडला नाही. अनघ दारातूनच मधुराच्या ठोक्यांचा एकेक आकडा सांगत होता. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. पंचावन्न. मग एकेक गाव सुटू लागलं, कुणी खोकलं, कुणी मांडी बदलली, आणि रेवाला त्या खोकण्याइतकं गोड काही आजवर लागलं नव्हतं.

मेळ विखुरला तसं अनघनं सगळे पाट बंद केले आणि चिपळूणच्या व्यवस्थापिकेला फोन लावला. रेवानं तो स्पीकरवर ठेवायला सांगितला.

“मधुरा कशी आहे?”

“बरी आहे हो. पाणी प्यायली, आता बाहेर पायरीवर बसलीय,” व्यवस्थापिका म्हणाली. “देऊ का तिच्याकडे?”

फोनवर क्षणभर नुसताच श्वास ऐकू आला. मग एक तरुण, अजून थोडा पेंगुळलेला आवाज.

“रेवाताई? तुम्ही स्वतः? अहो, मला काहीसुद्धा झालं नाही. उगाच सगळे घाबरले. इतकं छान वाटत होतं, काय सांगू! सगळे मला घेऊन कुठंतरी चालले होते.” तिच्या मागं बरेच लोक बोलत असल्याचं ऐकू येत होतं. सगळे समाधानानं, हळू आवाजात. “ताई, एक विचारू? पुढच्या रविवारी मला हाच पाट मिळेल का? इथं आत्ताच चौघांनी मागून ठेवलाय.”